मदत हवी आहे: बाजार चढला तरी बागायतदाराने जुन्या भावात कॉफी दिली, फरक कसा द्यावा?

नमस्कार मंडळी,

पुण्यात माझा कॉफी भाजून विकायचा छोटा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक म्हणजे आमच्या चर्चमधली कुटुंबं आणि जवळचे काही कॅफे. अरेबिका जातीची कॉफी चिकमगळूरच्या एका लहान बागायतदाराकडून, अण्णांकडून, थेट घेतो.

2024 च्या पावसाळ्यात आम्ही 50 किलोच्या पोत्याचा भाव तोंडी ठरवला. मग ब्राझीलमधल्या दुष्काळाने बाजार चढत गेला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिका पौंडाला 4 डॉलरच्या वर पोचली. गावातले व्यापारी जास्त भाव रोख द्यायला तयार होते. तरी अण्णांनी ठरल्या भावाने माल पाठवला, चकार शब्द न काढता.

स्वतःचं नुकसान झालं तरी दिलेला शब्द न फिरवणारा माणूस बायबलच्या स्तोत्र 15 मध्ये आहे. अण्णा ख्रिस्ती नाहीत, पण वागले तसेच. त्यांच्या नुकसानीचा नफा मी ठेवून घ्यावा हे मनाला पटत नाही. चर्चमधले एक वडीलधारे म्हणतात, "सौदा तो सौदा. भाव पडला असता तर तूही ठरलेलेच पैसे दिले असतेस." खरं आहे, दिले असते. पण मी पाकिटाची किंमत दर महिन्याला बदलू शकतो, त्यांचं पीक वर्षातून एकदाच येतं.

तर फरक द्यायचा हे नक्की. अडचण पुढची आहे.

नव्या करारात किमान भाव पक्का करून त्यावरची वाढ निम्मी-निम्मी वाटायची असं डोक्यात आहे. त्यासाठी बाजारभाव कुठला धरता? न्यूयॉर्कचा डॉलरमधला, की सरकारी कॉफी बोर्डाच्या भावपत्रकातला? भाव पार्चमेंटचा (वरचं वाळलं टरफल न काढलेल्या बिया) धरता की साफ केलेल्या बियांचा? भाजताना 15 ते 20 टक्के वजन जातं, ते हिशेबात कुठे बसवता?

दुसरं, वेचणीला आसाम-झारखंडकडून मजूर येतात. बायबलमधलं याकोब 5:4, कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते हे वचन, वाचल्यापासून त्यांची मजुरी डोक्यातून जात नाही. जादा पैशांतला वाटा त्यांना मिळावा हे अण्णांना तपासनीस बनून न विचारता कसं बोलावं?

चिकोरी (कॉफीत मिसळतात ती स्वस्त, भाजलेल्या मुळांची पूड) मिसळून खर्च भागवायचा सल्ला कृपया नको. प्रमाण छापलं की कायद्याने चालतं, पण माझं गिऱ्हाईक निव्वळ कॉफीसाठी येतं.

थेट खरेदी करणाऱ्यांनी कराराचा नमुना दिला तर फार उपकार होतील. कन्नडमधला असेल तर उत्तमच, अण्णांना वाचता येईल.