जर्मनीला निघालेल्या टाईप वन मधुमेही मुलीचा आरोग्यविमा: सल्ला हवा आहे

धागाकर्ती (कोथरूड): माझी मुलगी २२ वर्षांची असून अकराव्या वर्षापासून तिला टाईप वन मधुमेह आहे. ती बाटलीतले इन्शुलिन सिरिंजने, दिवसातून चार वेळा घेते. ऑक्टोबरमध्ये ती एम.एस.साठी जर्मनीला जाईल. सल्लागाराने सुचवलेली खासगी पॉलिसी स्वस्त आहे, परंतु आधीपासूनचे आजार त्यात वगळल्याचे बारीक अक्षरांत वाचले आणि माझी झोपच उडाली. विमा कोणता घ्यावा आणि सोबत इन्शुलिन किती न्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (औंध): ताई, मी स्वतः टाईप वन आहे आणि म्युनिकला सात वर्षे राहून परतले आहे. त्या पॉलिसीवर सही करू नका. तिथल्या सार्वजनिक विमासंस्था, ज्यांना क्रांकेनकासे म्हणतात, तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला मधुमेह आहे म्हणून नाकारू शकत नाहीत, की त्यापायी हप्ताही वाढवू शकत नाहीत. याउलट खासगी विमा घेण्यासाठी सार्वजनिक विम्यातून सूट घ्यावी लागते आणि ती एकदा घेतली की शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. माझ्या एका मैत्रिणीला हे फार उशिरा कळले आणि रक्तातली साखर मोजणाऱ्या प्रत्येक सेन्सरचे पैसे तिने पदरचे भरले. सार्वजनिक विम्यात इन्शुलिनसाठी आपल्याला किमतीच्या १० टक्के, पण किमान ५ आणि कमाल १० युरो एवढेच द्यावे लागतात.

मात्र हे संरक्षण साधारणपणे सेमिस्टर सुरू झाल्यावरच लागू होते. ती आधी पोहोचणार असेल, तर मधल्या दिवसांच्या प्रवासविम्यात मधुमेहाचा नेहमीचा खर्च सहसा धरलेला नसतो, म्हणून तीन महिन्यांपुरते इन्शुलिन आणि त्यातील घटकांची नावे लिहिलेले डॉक्टरांचे इंग्रजी पत्र सोबत द्या. सगळे इन्शुलिन हातातल्या बॅगेतच ठेवायला सांगा. विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा वितळले तरी वापरायचे नसते.

प्रतिसाद (सिंहगड रस्ता): वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. मी पुण्यात औषधाचे दुकान चालवतो, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्याकडच्या बाटल्यांत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर तिथे १०० युनिटांचे इन्शुलिन मिळते. लाल टोपणाची आपली सिरिंज तिथल्या इन्शुलिनसाठी वापरली, तर नेहमीच्या खुणेपर्यंत भरूनही अडीचपट डोस जाईल, आणि तो जिवावर बेतू शकतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून तिला इन्शुलिन टोचण्याच्या पेनची सवय लावून घ्या, म्हणजे नवीन सुरुवात परक्या गावात एकटीने करावी लागणार नाही.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच फ्रिज उघडून बाटली पाहिली, तिच्यावर ४० लिहिलेले आहे आणि सिरिंजचे टोपण लालच आहे. पेनसाठी सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सल्लागारांना नकार कळवला असून क्रांकेनकासेचा अर्ज आज रात्री मुलीसोबत बसून भरणार आहे.