मदत हवी आहे: लिंकमधला आकडा बदलला, तर ते 'विनापरवानगी' होतं का?

कोथरूडला राहतो. सोसायटीचं मेंटेनन्स बिल ज्या ॲपवर येतं, त्याच्या लिंकमधला शेवटचा आकडा चुकून बदलला आणि शेजाऱ्यांचं बिल उघडलं, फोन नंबरसकट. पासवर्ड तोडला नाही, काही डाउनलोड केलं नाही. खात्री करायला आणखी एक आकडा टाकून पाहिला (हा शहाणपणा नडला), आणि त्याच दिवशी कंपनीला मेल केला. आभार राहिले बाजूला, आयटी कायदा कलम ६६ ची धमकी आली.

कायदा वाचला. कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय प्रवेश केला की नुकसानभरपाई. तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर ६६: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझा हेतू तसा नव्हता, त्यामुळे ६६ लागू नये असं वाटतं. पण ४३ मध्ये हेतूचा प्रश्नच नाही, घोडं तिथंच अडतंय.

पोलिसांकडून अजून काही आलेलं नाही. वकील केलेला नाही. आधी माहिती घेऊन मग फी भरेन म्हणतो. मेल, स्क्रीनशॉट जपून ठेवलेत.

कुलूपच नसलेलं पान उघडणं ४३ खाली 'विनापरवानगी' धरतात का? आणि धमकीला लेखी उत्तर द्यावं, की नोटीस येईपर्यंत गप्प बसावं?