वडील गेले, उत्तरकार्यासाठी कर्ज काढायचं नाहीये, भावकीला कसं सांगू?

पन्हाळकर_२४
नमस्कार. गेल्या शुक्रवारी वडील गेले. ५३ वय, हार्ट अटॅक. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते. रात्री जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं, तीन दिवस आयसीयू, त्यातच होतं नव्हतं ते गेलं, आईचं गंठण पण गहाण आहे. अंत्यसंस्कार कोल्हापुरात पंचगंगेवरच्या स्मशानभूमीत केले, तिथं महापालिकेनं शेणी (गोवऱ्या)-लाकडाचा एक रुपया घेतला नाही. रक्षा पण आम्ही नदीत न सोडता गावी बांधावर खड्डा काढून घातली आणि त्यावर आंबा लावला. मला वाटलं निभावलं, पण खरा खर्च आत्ता सुरू झालाय. काल भावकी बसली, उत्तरकार्याला ५०० पान, मांडव, प्रवचन, पाहुण्यांना टॉवेल-टोपी, चौकात श्रद्धांजलीचा डिजिटल बोर्ड, हिशोब दीड लाखाच्या वर गेला आणि एक काका म्हणाले मी सावकाराकडनं काढून देतो, सावकाश फेड. माझा पगार १६ हजार, बहीण बारावीला. नको म्हणलं तर 'बापासाठी एवढंबी करंना' हे आयुष्यभर ऐकायचं. वडिलांचं काही कमी करायचं नाहीये ओ मला. पण पैसेच नाहीत. पुढच्या बुधवारी उत्तरकार्य आहे, कुणी यातनं गेलं असेल तर सांगा.

माळावरचा
भावा, आधी सावकाराला नाही म्हण, बाकीचं नंतर बघू. आमचे दादा गेले तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो, असंच सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि ८० हजार काढले, शेकडा पाच रुपयांनी. शेकडा पाच म्हणजे महिन्याला चार हजार नुसतं व्याज, मुद्दल तिथंच. आठ महिन्यांनी दुभती म्हैस विकली. दूध संस्थेचं दर दहा दिवसाला येणारं बिल बंद झालं, त्याच्यावर घर चालत होतं आमचं. आई रिकाम्या गोठ्यात जाऊन उगंच झाडत बसायची, ते अजून डोळ्यासमोरनं जात नाही. ज्यांनी जेवणावळ घालायला लावली त्यातलं एकजण व्याजाला उभं राहिलं नाही. मी कुणाला दोष देत नाही, त्यांना पण तसंच करायचं माहीत होतं. पण तू काढू नको.

सुमन_काकी
बाळा, फार वाईट वाटलं वाचून. मी सांगते आमच्यात कसं केलं. भावकीच्या बैठकीत बोलू नको, तिथं कुणीच मागं हटत नाही. घरातलं सगळ्यात मोठं माणूस, आजी असेल, थोरले चुलते असतील, त्यांच्याकडं एकटा जा आणि गंठण गहाण आहे हे उघड सांग, लपवू नको. बऱ्याचदा त्यांना माहीतच नसतं दवाखान्यात किती गेले ते. आमच्या सासूबाईंनीच मग सगळ्यांना फोन केले की घरची भावकी आणि सोयरे एवढंच जेवण आहे, आहेर कुणी आणू नये, आम्ही पण करणार नाही. ६० माणसं झाली. भात, आमटी, एक भाजी आणि गव्हाची खीर, मांडव नाही, शेजारच्यांच्या अंगणात पंगत, स्वयंपाक आम्ही जावा-जावांनीच केला. भजनी मंडळ गावातलंच, त्यांनी काही घेतलं नाही. पिंडदान, नैवेद्य, सगळा विधी व्यवस्थित झाला, त्याचा खर्च मुळात फार नसतोच, पैसा जातो तो जेवणावळीत आणि टॉवेल-टोपीत. त्या टोप्या तरी कोण घालतं, घरोघरी ट्रंकेत पडून असतात. आणि ज्यांना काहीतरी करायचंच आहे त्यांना सांग वडिलांच्या नावानं पंचगंगेवर शेणी द्या. होळीला लोकं देतातच की, एरवी पण घेतात. तुझ्या वडिलांना ज्या शेणींनी अग्नी मिळाला त्या पण कुणीतरी अशाच दिल्या असतील.

कागदपत्रवाली
काकी बोलल्या ते बरोबर, मी फक्त पैशाचं सांगते कारण दुःखात हे राहून जातं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला लागते, दवाखाना कळवतो पण नाव-स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का स्वतः बघून घे आणि दाखल्याच्या सात-आठ प्रती काढ. मग वडिलांचं पासबुक काढ आणि मे-जूनच्या एंट्र्या बघ. ४३६ रुपये कापले असतील तर ती पंतप्रधान जीवनज्योती, २ लाखाचा विमा आहे, बँकेत क्लेम शक्यतो ३० दिवसांत टाकायचा. लोकांनी खातं उघडताना सही केलेली असते आणि घरात कुणालाच माहीत नसतं. फौंड्रीत पीएफ कापत होते ना? मग पीएफची रक्कम, आईला पेन्शन आणि त्याशिवाय ईडीएलआय म्हणून विमा असतो, सलग वर्षभर नोकरी असेल तर किमान अडीच लाख, जास्तीत जास्त ७ लाख. त्यासाठी अनुक्रमे फॉर्म २०, १०डी आणि ५आयएफ, कंपनीच्या एचआरकडनं सही घे. ईएसआय (कामगार विमा) कार्ड असेल तर अंत्यविधीचा झालेला खर्च १५,००० पर्यंत मिळतो, म्हणून शववाहिका, सामान वगैरे जे काही झालं त्याच्या पावत्या टाकू नको. रेशनकार्ड दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार पण आहेत, तहसीलला अर्ज. यातलं काहीच बुधवारच्या आत हातात येणार नाही हे लक्षात ठेव, आणि 'पैसे येणारच आहेत' म्हणून त्याच्यावर उधारी करू नको. ते पैसे गंठण सोडवायला आणि बहिणीच्या ॲडमिशनला आहेत. एजंटला तर अजिबात देऊ नको, फॉर्म भरायला अडलं तर इथं विचार, मी सांगते.

पन्हाळकर_२४
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री वाचून दाखवलं आईला. म्हैस विकलेलं ऐकून ती बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली ते कधी कुणाच्या दारात पैशाला उभे राहिले नाहीत, त्यांच्या नावानं पण नको. सकाळी थोरल्या चुलत्यांकडं गेलो, गंठणाचं सांगितलं. ते आधी चिडले, मला का नाही सांगितलंस म्हणून, मग स्वतःच काकाला फोन लावला. ७० माणसांचं ठरलंय, तांदूळ ते देतायत. प्रवचन राहिलं, डिजिटल राहिलं. टॉवेल-टोपीवर आत्याचा अजून रुसवा आहे, तिच्याकडं उद्या आईच जाणार आहे. आणि कागदपत्रवाली ताई, पासबुकात ३१ मेला ४३६ ची एंट्री सापडली. नॉमिनी आई आहे, पण बँकेत तिचं नाव माहेरचं लागलंय. त्याला काय लागेल?