पावसाळ्यात कैरीच्या लोणच्याला बुरशी धरते

प्रश्न: खानापूर भागात जूनपासून हवा दमट असते. लोणच्यावर पंधरवड्यातच पांढरी बुरशी येते. किलोभर फोडींना 100 ग्रॅम मीठ घातलंय. काय चुकतंय?

उत्तर 1: मीठच कमी पडलंय, ताई. किलोला 180 ते 200 ग्रॅम जाडं मीठ हवंच. कैऱ्या धुऊन, पुसून, पंख्याखाली पूर्ण कोरड्या झाल्यावरच फोडा. देठाजवळच्या खळग्यात पाणी राहतं, तिथं बोट फिरवून बघा. कोयीला चिकटलेला पापुद्राही काढा.

उत्तर 2: तेलाचंही बघा. किलोला 300 मिली तरी लागतं. कडकडीत तापवून पूर्ण गार झाल्यावरच ओता. गरम ओतलं तर फोडी मऊ पडतात. बुरशीला हवा लागते, म्हणून फोडी कायम तेलाखाली बुडलेल्या हव्यात. चार दिवसांनी फोडी तेल पितात आणि वरच्या उघड्या पडतात, तेव्हा पुन्हा तेल घाला. मिरचीचं म्हणाल तर नुसत्या ब्याडगीनं रंगच येतो, तिखटपणासाठी थोडी संकेश्वरी मिसळा.

उत्तर 3: बुरशी आलेलं लोणचं वरचा थर काढून खाऊ नका हो, सगळं टाका. बरणी गरम पाण्यानं धुऊन कडक उन्हात वाळवा.