लिस्बनला जाऊन आलेल्यांनो, जरा सांगा

सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन पाच दिवस लिस्बनला जायचं ठरलंय. बाबा अडुसष्टचे, रोज पर्वती चढणारे. आईचे दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि शहर सात टेकड्यांवर वसलंय हे मला विमानाची तिकिटं काढून झाल्यावर कळलं. ‘लिस्बनमधली दहा प्रेक्षणीय स्थळं’ छापाच्या याद्या वाचून झाल्या. सगळीकडे तीच पिवळी ट्राम, तोच मनोरा. मला याद्या नकोत. तुम्ही कुठे फसलात, कशापायी उगाच ताटकळलात, कशासाठी पुन्हा जाल, ते लिहा. कधी आणि कोणाबरोबर गेला होता हे आधी सांगितलंत तर अंदाज येईल. आई शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही.

*

मे महिना, सासू-सासऱ्यांसह सहा दिवस.

गुडघ्यांची काळजी रास्त आहे, पण त्याहून आधी बुटांची करा. तिथले पदपथ म्हणजे चुनखडीचे छोटे पांढरे-काळे तुकडे बसवून केलेली नक्षी. दिसायला रांगोळी, पण वर्षानुवर्षांच्या पावलांनी घासून गुळगुळीत झालेली. पावसाची एक भुरभुर आली आणि कातडी तळाचे बूट घालून ऐटीत निघालेले आमचे सासरे रोसियो चौकात सपशेल बसले. लागलं नाही, पण पुढचे दोन दिवस ते भिंतीला धरून चालत होते.

चढ टाळायचे मार्ग शोधावे लागतात, पण आहेत. बायशा म्हणजे खालच्या सपाट भागात रुआ दुश फांकैरुश नावाचा रस्ता आहे. तिथल्या एका साध्याशा इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. वरच्या रस्त्याला बाहेर पडायचं, थोडं चालायचं, की वाहनतळाची एक इमारत लागते. तिची लिफ्ट घेतली की टेकडीवरच्या सांव जोर्ज किल्ल्याचा निम्म्याहून जास्त चढ संपतो. हेही नको असेल तर प्रासा दा फिगैरा चौकातून ७३७ नंबरची बस थेट किल्ल्याजवळ सोडते. किल्ल्यात मोर आहेत. सासूबाईंनी किल्ला कमी आणि मोर जास्त पाहिले.

सांता जुस्ताची लोखंडी लिफ्ट (१९०२ ची, ४५ मीटर उंच) पाहा जरूर, पण रांगेत उभं राहू नका. आम्ही तासभर उभे होतो. वर गेल्यावर कळलं की तिचा पूल कार्मो चर्चच्या बाजूला उघडतो, आणि बायशा-शियादो मेट्रो स्टेशनचे सरकते जिने चढून तिथे जवळपास आयतंच पोहोचता येतं.

कार्मोला मात्र वेळ द्या. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी लोक चर्चमध्ये जमलेले आणि भूकंप झाला. मग नदीतून त्सुनामी आली, आणि जागोजाग पेटलेल्या आगी कित्येक दिवस धुमसत राहिल्या. कार्मोचं छप्पर कोसळलं. ते पुढे पूर्ण झालंच नाही. दगडी कमानी तेवढ्या उभ्या आहेत, वर निळं आकाश. खाली उतरून बायशाच्या सरळसोट आखलेल्या गल्ल्या पाहिल्या की त्या भूकंपानंतर तेव्हाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने शहर कसं पुन्हा मांडलं ते कळतं. त्या घरांच्या भिंतींत लाकडाचा पिंजरा बसवलेला असे, हादरे सोसावेत म्हणून. सासरे निवृत्त स्थापत्य अभियंता. त्यांना हे सांगितल्यावर पडल्याचं दुःख ते विसरले.

*

ऑक्टोबर, कॉलेजचे चार मित्र.

२८ नंबरची ट्राम. सकाळी अकराला मार्तिम मोनीझला चढलो, दादरला सहाच्या लोकलमध्ये चढावं तसे. अल्फामा या जुन्या, चढावरच्या वस्तीच्या बोळांत ती अशी वळते की खिडकीतून हात काढला तर भिंत लागेल, हे खरं. पण मी बाहेर पाहत होतो आणि कोणीतरी माझं पाकीट पाहत होतं. मुंबईत जन्म गेला, एकदा खिसा कापला गेला नाही! कार्डं बंद करण्यात संध्याकाळ गेली.

सकाळी आठच्या आत जा, किंवा उलट्या टोकाने, कांपु द ओरीककडून चढा. नुसती जुनी ट्राम अनुभवायची असेल तर २४ नंबरला गर्दी कमी असते.

*

इथेच शिकतेय, दुसरं वर्ष.

ट्रामवाल्या दादांच्या सल्ल्यात भर. गाडीत रोख तिकीट काढू नका, जवळजवळ दुप्पट पडतं. मेट्रोच्या यंत्रातून अर्ध्या युरोचं नावेगांत कार्ड घ्या, माणशी एक. एकाच कार्डावर तिघं जाऊ हा विचार आत्ताच सोडा. त्यात ‘झॅपिंग’ म्हणून पैसे भरता येतात आणि तेच कार्ड बस, ट्राम, मेट्रो, फेरीबोट, अगदी जवळच्या सिंत्रा गावाच्या लोकललाही चालतं. विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन मिळते.

पहिल्यांदा त्या यंत्रापुढे उभी राहिले तेव्हा मला हसू फुटलं होतं. पैसे भरायच्या बटणावर लिहिलेलं असतं ‘पगार’. पोर्तुगीजमध्ये पगार म्हणजे पैसे देणं. आपण घ्यायचा तो शब्द इथे द्यायचा! नंतर हा खेळच झाला. बाजारात बटाटा म्हणजे बटाटाच, अननस म्हणजे अननसच. किल्लीच्या दुकानावर ‘शावश’, म्हणजे आपली चावी. साबणाला सबांव, परातीला प्रातु (पण ती ताटली), घमेल्याला गामेला. लिलावाला लैलांव. बेकरीत तर्जनी दाखवून ‘पाव’ म्हटलं की काम होतं, थोडं नाकात म्हणा.

कासिल्यशची फेरी सोडू नका. कैश दो सोद्रेहून नदीपलीकडे दहाएक मिनिटांत. संध्याकाळच्या बोटीत कामावरून घरी जाणारी माणसं असतात, आणि परतताना अख्खं शहर समोर एखाद्या घाटासारखं पायरी-पायरीने वर चढलेलं दिसतं. आईंना एक पायरी चढावी लागणार नाही. लाल लोखंडी पूलही तिथून छान दिसतो. १९६६ साली उघडला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर तीच तारीख पुलाचं नाव झाली.

*

फेब्रुवारी, एकटाच. मूळ फोंड्याचा, आता पुण्यात.

मी नदीकाठच्या बेलेम भागात सोमवारी गेलो. मठ बंद, मनोरा बंद. तुम्ही सोमवार सोडून जा, एवढा एक सल्ला घेतलात तरी पुरे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये शिरलं की एका बाजूला वास्को द गामाची समाधी, समोर दुसऱ्या बाजूला कवी कामोंइशची. गामा मेला कोचीला, १५२४ मध्ये. त्याची हाडं नंतर इकडे आणली. कामोंइश स्वतः गोव्यात राहून गेलेला. लोक फोटो काढत होते. मला काय वाटायला हवं ते समजेना. आमचे आजोबा पोर्तुगीज शाळेत चार वर्षं शिकले, आणि त्याच आजोबांनी १९ डिसेंबर १९६१ ला घरात गूळ वाटला. ते असते तर त्यांना विचारलं असतं. त्या मठाचे दगडी खांब जहाजाच्या दोरांसारखे पिळलेले आहेत, आणि हे वैभव पूर्वेच्या मसाल्यांच्या व्यापारावर बसवलेल्या करातून उभं राहिलं हे ठाऊक असूनही ते सुंदर दिसतात, हे मान्य करावं लागतं.

पलीकडे नदीकाठी दर्यावर्दींचं स्मारक आहे, ५२ मीटर उंच, जहाजाच्या नाळेसारखं. दिसायला जुनं वाटतं पण आत्ताचं रूप १९६० चं. म्हणजे साम्राज्याच्या गौरवाचा हा दगड उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी गोवा सुटला. मूर्तींच्या रांगेत सेंट झेवियर दिसला. ओल्ड गोव्यात बों जेझूशला ज्याचं शव पाहत लहानपण गेलं, तो इथे पाहुण्यासारखा उभा. गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कचा पुतळा राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर, उंच खांबावर.

बेलेमच्या मनोऱ्याकडे मुलं असतील तर गेंडा शोधायला लावा. एका छोट्या बुरुजाच्या तळाशी झिजलेलं डोकं आहे. गुजरातच्या सुलतानाने अल्बुकर्कला गेंडा भेट दिला, त्याने तो गोव्याहून जहाजात चढवला आणि मे १५१५ मध्ये तो इथे उतरला. बिचाऱ्याने काय पाहिलं असेल वाटेत!

वेळ उरला तर आल्कांतारातलं ओरिएंत संग्रहालय बघा. पूर्वी ती खाऱ्या माशाची वखार होती. आणि तिथे कोणी इंडियन म्हणून गप्पा मारायला लागलं तर गोव्याचं नाव काढा. त्यांचे माजी पंतप्रधान आंतोनियो कोश्ता यांचं वडिलांकडचं घराणं मडगावचं, घरचं लाडाचं नाव ‘बाबुश’. माझ्या टॅक्सीवाल्याने हे मला सांगितलं, जणू मला माहीत नसावं.

*

दोनदा गेले. एकदा नवऱ्याबरोबर, एकदा भिशीच्या मैत्रिणींबरोबर. खाण्याचं सांगते.

जिथे-तिथे दिसणारी पास्तेल द नाता (कस्टर्ड भरलेली छोटी पेस्ट्री) आईंना चालणार नाही. आत सगळा अंड्याचा बलक. मठातल्या जोगिणी कपड्यांच्या खळीला पांढरं वापरत आणि उरलेल्या बलकाची पक्वान्नं करत, असं सांगतात. तुम्ही मात्र खा, बेलेमच्या १८३७ पासूनच्या दुकानात, गरम, वर दालचिनी भुरभुरून. बाहेर न्यायची रांग मोठी दिसते, पण आत बसायला दालनांमागून दालनं आहेत, सरळ आत शिरा.

हॉटेलात बसताक्षणी पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. खाल्लंत तर बिलात येतं, नको असेल तर परत न्या म्हणायचं, कोणी वाईट वाटून घेत नाही. आम्ही पहिल्या रात्री यजमानांचं प्रेम समजून सगळं फस्त केलं होतं. काल्दु वेर्द हे हिरवं सूप शाकाहारी दिसतं, तळाशी सॉसेजची चकती निघते. ‘सेंम कार्न, सेंम पैश, सेंम ओवु’ पाठ करून घ्या: मांस नको, मासा नको, अंडं नको.

जेवणासाठी लुमियार भागातलं राधाकृष्ण मंदिर. इथले बरेच हिंदू दीवहून मोझांबिकमार्गे आलेले गुजराती. मंदिरात शाकाहारी उपाहारगृह आहे, वेळ बघून जा. तिसऱ्या दिवशी वरण-भातासारखं काही पोटात गेलं की माणूस पुन्हा चर्च पाहायला तयार होतो. डाळ-तांदूळ मार्तिम मोनीझच्या दुकानांत मिळतात.

*

जून, बायको आणि आठ वर्षांची मुलगी.

तुमच्या तारखांना उपयोग नाही, तरी लिहितो. १२ जूनची रात्र ही संत आंतोनियोची, तो याच शहरात जन्मला. अल्फामाच्या गल्लीगल्लीत सार्डिन भाजतात, धुराने डोळे चुरचुरतात, झोप विसरायची. दारोदार मांजेरिकु नावाच्या बारीक पानांच्या छोट्या कुंड्या विकायला असतात, वर कागदी फूल आणि चार ओळींची कविता. ही तुळशीची बहीण, आपल्या सब्जाच्या जवळची. मुलगी नाक खुपसायला गेली तर विकणाऱ्या आजीबाईने हात धरला. नाक लावायचं नाही, रोप सुकतं म्हणे. तळव्याने हलकेच कुरवाळायचं आणि तळवा हुंगायचा. आता आमच्या घरच्या तुळशीलाही हाच नियम लागू झालाय.

*

सिंत्राबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी. नोव्हेंबर, आई-बाबांसोबत.

रोसियोहून लोकलने चाळीस मिनिटं. पेना राजवाड्याच्या तिकिटावरची वेळ ही राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नाही. फाटकापासून वर अर्धा तास चढ. आम्ही वेळेवर फाटकाशी पोहोचलो आणि राजवाड्याची वेळ हुकवली. वर धुकं इतकं की लाल-पिवळा राजवाडा फोटोत करडा आलाय. आईंचे गुडघे पाहता गावातलाच जुना राजवाडा बघा, दोन प्रचंड शंकूंसारखी धुराडी असलेला. फारसा चढ नाही, गर्दी कमी, आणि ती धुराडी स्वयंपाकघराची आहेत हे कळल्यावर माझी आई तिथून हलेना.

*

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. बेलेम मंगळवारी, पेना रद्द, फेरीबोट दोनदा. बाबांनी न्यायला काढलेले कातडी तळाचे बूट मुकाट्याने कपाटात परत ठेवले. एकच विचारायचं राहिलं: मुक्कामाला अल्फामातलं एक घर स्वस्तात मिळतंय, फोटो सुरेख आहेत. घेऊ का?

*

दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी पुन्हा: नका घेऊ. बायशात किंवा आव्हेनिदाच्या मेट्रोजवळ बघा, आणि इमारतीला लिफ्ट आहे का ते लेखी विचारा. दर रात्री माणशी चार युरो पर्यटन कर असतो, तो भाड्यात धरलाय का तेही. अल्फामात बऱ्याच घरांच्या दारापर्यंत टॅक्सी जात नाही. मी पहिला महिना तिथे काढला. पहाटे चारच्या विमानासाठी कोणी निघालं की बॅगेची चाकं त्या दगडी पायऱ्यांवर अशी वाजतात, की आधी कुत्री उठतात, मग आळी.