उल्केतला झेनॉन (एक निष्क्रिय वायू) नेमका असतो कुठे?
उल्का वातावरणात तापते म्हणजे आतले निष्क्रिय वायू (सहसा कशाशीच संयोग न पावणारे) उडून जात असणार असं काहीजण म्हणतात, ते पटत नाही, वितळतो तो फक्त वरचा पातळ थर, आतपर्यंत उष्णता पोचायला वेळच मिळत नाही. आणि वायू सगळ्या खनिजांत सारखे पसरलेले नसतातच मुळी. १९६९ ला मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे उल्केचा नमुना शिकागो विद्यापीठातल्या लुईस, श्रीनिवासन, अँडर्स या शास्त्रज्ञांनी १९७५ च्या प्रयोगात हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये विरघळवला, सिलिकेटं (दगडातली मुख्य खनिजं) सगळी गेली, उरला एक टक्क्याहूनही कमी काळा गाळ आणि बहुतेक झेनॉन त्यातच! मग नायट्रिक ॲसिड घातलं तर गाळाचं वजन जेमतेम घटलं पण झेनॉन बराचसा गेला, मला तर हे फार भारी वाटतं. म्हणजे झेनॉन गाळाच्या एका छोट्याशा भागातच होता; वायू धरून ठेवणाऱ्या त्या भागाला 'क्यू' म्हणतात, कार्बनयुक्त आहे एवढं कळतं, पण तो अजून कुणाला शुद्ध वेगळा काढता आलेला नाही.