झाकलेल्या भागातही स्टार्च दिसतोय, मदत हवी आहे

प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात अडकले आहे. जास्वंदीची कुंडी 48 तास अंधारात ठेवली. बाहेर काढताच एक पान तपासलं: आयोडीन तपकिरीच राहिलं, म्हणजे आधीचा स्टार्च संपला होता. मग दुसऱ्या पानाला दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावून रोप 5 तास उन्हात ठेवलं. स्पिरिटमध्ये हरितद्रव्य पूर्ण काढलं (गरम पाण्याच्या भांड्यात, थेट आचेवर नाही). उघडा भाग निळा-काळा झाला, ते अपेक्षितच. पण पट्टीखालीही कडेने फिकट निळं आलं! अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावूनही तेच. मुलांना दाखवायचंय, रोप एकच आहे. उघड्या भागातली साखर पट्टीखाली जाऊन तिथे तिचा स्टार्च होतो का, की कडेने उजेड शिरतोय? नेमकं ओळखायचं कसं?